बोडीटोल्याचे दोन थांबे

इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नव्हती. मी रुळाशेजारी उभा होतो. समोर अख्खं बोडीटोला गाव जमलं होतं. इंजिनाच्या पुढच्या दांड्याला बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण वाफेने मलूल झालं होतं. ड्रायव्हर रहमानभाईंनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. चाकं पुन्हा घसरली. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. गाडी थांबवायची ही जागा मी निवडली होती.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होता. मी रेल्वेत नवा ट्रॅफिक इन्स्पेक्टर होतो. गाड्या वेळेवर धावतात का, कुठे थांबतात, कुठे थांबायला हव्यात हे पाहणं माझं काम. मूळचा मी साताऱ्याकडचा. जंगल म्हणजे डोंगरावरची झाडी, एवढीच माझी समजूत होती. नागभीडला पहिली बदली झाली तेव्हा सपाट जमिनीवरही मैलोन्‌मैल जंगल असतं हे कळलं.

आमच्या ऑफिसात अर्जांचा एक गठ्ठाच होता. आरमोरीचा अर्ज, गडचिरोलीचा अर्ज, नदीपलीकडच्या गावांचे अर्ज. सगळ्यांचं मागणं एक, आमच्याकडे रेल्वे आणा. नवे रूळ टाकणं आमच्या हातात नव्हतं. तेव्हा आमच्या ट्रॅफिक सुपरिंटेंडेंट साहेबांनी एक मधला मार्ग काढला. आहे त्याच लाइनीवर, स्टेशन नसलेल्या गावांजवळ गाडी दोन मिनिटं थांबवायची. अशा जागेला हॉल्ट म्हणतात. तिथे ना स्टेशनमास्तर, ना सिग्नल, ना इमारत. एक पाटी आणि मुरुमाचा ओटा. त्यातला पहिला हॉल्ट शोधायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी बोडीटोला निवडलं.

बोडी म्हणजे त्या भागात छोटा तलाव. गावाला अशा दोन बोड्या होत्या. निम्मं गाव धान पिकवायचं आणि निम्मं मासे धरायचं. सिंदेवाहीचा बाजार तिथून सहा मैल. बाया पहाटे धरलेले मासे टोपलीत भरून डोक्यावर घेत आणि जंगलातल्या पायवाटेने चालत निघत. उन्हाळ्यात बाजारात पोहोचेपर्यंत निम्मे मासे खराब होत. आणि रेल्वे? ती तर गावाच्या अगदी समोरून जायची. सकाळी नागभीडहून सिंदेवाहीकडे आणि संध्याकाळी तिकडून परत. आजारी माणसाला नागभीडच्या दवाखान्यात न्यायचं तर आधी सहा मैल उलट दिशेला सिंदेवाहीपर्यंत जायचं, तिथे गाडीत बसायचं, आणि मग तीच गाडी आपल्याच गावासमोरून पुढे जायची.

अर्ज लिहिणारे सोमाभाऊ गुरनुले हे गावातले धान पिकवणारे शेतकरी. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर सुरेख. त्यांनीच मला जागा दाखवली. गावापासून रूळ शंभर पावलांवर. एका अंगाला मोहाचं मोठं झाड, सावली ऐसपैस. मी नकाशावर खूण केली. रुळाच्या कडेला ग्रेडियंट पोस्ट होता, म्हणजे पुढे किती चढ किंवा उतार आहे हे सांगणारी लहानशी पाटी. ती मी वाचली आणि वहीत उतरवूनही घेतली. तिचा अर्थ काय होतो हे मात्र कोणत्याही ड्रायव्हरला विचारलं नाही.

आमची गाडी मिक्स्ड होती. पुढे माणसांचे तीन डबे आणि मागे बांबूचे, लाकडाचे वॅगन. नॅरो गेज, म्हणजे अडीच फूट रुंदीचे रूळ, त्यामुळे इंजिनही लहानखुरं. चाचणीच्या दिवशी सकाळी सगळं छान झालं. नागभीडहून येताना तिथे उतार होता. गाडी अलगद थांबली, बाया टोपल्यांसह चढल्या, गाडी अलगद सुटली. मी वहीत लिहिलं, दोन मिनिटं. संध्याकाळी मात्र तोच उतार चढ झाला होता आणि मागे बांबूने भरलेले वॅगन होते. त्यात सागाची पानं गळायचे दिवस. पानं रुळावर चिरडली की रूळ साबण लावल्यासारखे गुळगुळीत होतात.

रहमानभाईंनी वाळू सोडून पाहिली. इंजिनावर वाळूची पेटी असते, चाकांखाली वाळू पडली की पकड येते. पेटीतली वाळू संपली. गावातल्या बायांनी माशांच्या रिकाम्या टोपल्या घेतल्या, नाल्यातली वाळू आणून रुळावर पसरली. तरीही गाडी हलेना. शेवटी गार्डला मागे उभं करून गाडी मैलभर मागे सपाटीपर्यंत नेली आणि तिथून धावत आणून चढ पार केला. गाडी दुसऱ्यांदा समोरून आली तेव्हा गावकऱ्यांनी आनंदाने हात हलवले. एकाच दिवशी संध्याकाळी दोन गाड्या, असं काहींना वाटलं असावं.

नागभीडला आम्ही सव्वा तास उशिरा पोहोचलो. आमच्या गाडीला जोडून सुटणारी पुढची गाडी निघून गेली होती. प्लॅटफॉर्मवर साहेब उभे होते.

साहेब तिरुनेलवेलीकडचे. मराठी हळू पण स्वच्छ बोलायचे. त्यांनी माझी वही मागून घेतली, ग्रेडियंटचा आकडा पाहिला आणि वही मिटून परत दिली.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो, सर."

"मग वाचलंत कधी?"

त्यांनी हॉल्ट रद्द करून कागद परत पाठवायला सांगितलं. मी आठ दिवस मागितले.

"आठ दिवसांत चढ कमी होणार आहे का?"

"नाही, सर. दुसरी जागा पाहतो."

त्यांनी थोडा विचार केला आणि आठ दिवस दिले. जाताना एवढंच म्हणाले की या वेळी एखाद्या ड्रायव्हरला बरोबर न्या.

मी कोणाला विचारायच्या आतच दुसऱ्या दिवशी सकाळी रहमानभाई माझ्या दाराशी आले. त्यांचा विश्रांतीचा दिवस होता. पन्नाशीचा माणूस, नागपूरचा, तीस वर्षं इंजिनावर काढलेली. कोळशाची काजळी हाताच्या रेषांत कायमची बसलेली. म्हणाले, मी येतो तुमच्यासोबत. मला वाटलं माझी कीव आली असावी.

रेल्वेच्या ढकलट्रॉलीने आम्ही बोडीटोल्यापर्यंत गेलो आणि तिथून रुळाच्या कडेकडेने चालत निघालो. गाव मागे टाकून उताराने खाली गेलो. मैलभरावर एक नाला होता, त्यावर रेल्वेचा छोटा पूल. पुलापलीकडे जमीन सपाट होती. रहमानभाई तिथे थांबले, वाकून दोन्ही दिशांना पाहिलं, पायाने रुळावरची पानं बाजूला सारली.

"इथून गाडी उठन," ते म्हणाले. "धाव घ्यायले जागा हाय. किती पण बांबू भरा मागं."

मी खुश झालो. ते झाले नाहीत. पुलाच्या कठड्याशी बसून त्यांनी बिडी पेटवली आणि मग ज्या कारणासाठी ते आले होते ते मला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते संध्याकाळची गाडी घेऊन याच चढावर होते. गावासमोर रुळाशेजारी चार माणसं उभी होती. खाली जमिनीवर खाट, खाटेवर एक बाई, वर घोंगडी धरलेली. एक म्हातारी दोन्ही हात वर करून गाडीला थांबायला सांगत होती. स्टेशन नाही तिथे विनाकारण गाडी थांबवायची नाही असा नियम होता. पण रहमानभाई म्हणाले, नियमाचं त्यांना काही नव्हतं. गाडी तिथे थांबली असती तर उठली नसती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शिट्टी दिली आणि पुढे गेले. नंतर रुळाची देखभाल करणाऱ्या एका गँगमनकडून कळलं की बाळंतपण अडलेली सून होती. रात्रभर खाट वाहून सिंदेवाहीच्या सुईणीकडे नेली. बाई वाचली, मूल वाचलं नाही.

"साहेब, मी हात पाह्यला होता," ते म्हणाले. "पाह्यला नाई असं मी कोणाला सांगत नाई."

त्यांनी बिडी विझवली. आम्ही तसेच गावात गेलो.

सोमाभाऊंच्या अंगणात माणसं जमली. धानाची कापणी चालू होती, तरी लोक काम सोडून आले. मी सांगितलं की गावासमोर गाडी थांबू शकत नाही, नाल्यापलीकडे थांबेल. सोमाभाऊ शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. मैलभर उताराने डोक्यावर ओझं घेऊन जायचं, मधे नाला, पावसाळ्यात नाल्याला कमरेएवढं पाणी. त्यांचं म्हणणं होतं की एवढ्या दूर थांबवायची असेल तर थांबवूच नका, आम्हाला सहा मैलांची सवय आहे. त्यांनी अर्जाची त्यांच्याकडची नक्कल घडी करून कोनाड्यात ठेवून दिली. मला वाटलं, संपलं.

अंगणाच्या कडेला एक म्हातारी जाळं विणत बसली होती. काटक, कपाळावर गोंदण. तिचं नाव भागरताबाई. गावातल्या बाया तिच्या मागे बाजाराला जायच्या. हातातलं काम न थांबवता तिने मला विचारलं, सकाळी गाडी इथे थांबली तेव्हा काही अडचण आली होती का? मी म्हणालो, नाही, सकाळी उतार असतो.

"मंग सकाळी इथी थांबवा आन् संध्याकाळी तिथी थांबवा," ती म्हणाली. "सकाळी टोपली भरून राह्यते. संध्याकाळी रिकामी राह्यते. रिकाम्या टोपलीनं मैलभर चालाले आमाले काय होते?"

मी रहमानभाईंकडे पाहिलं. तीस वर्षं इंजिन चालवणारा माणूस, सर्व्हेची वही घेतलेला मी, आणि चौथी शिकलेले सोमाभाऊ. आमच्या तिघांच्याही डोक्यात थांबा म्हणजे एकच जागा, असं पक्कं बसलं होतं.

मग रहमानभाई उठून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता बोलू नये त्यांनी. पण ते बोलले.

"बाई, दोन वर्षाआधी खाट घेऊन उभे होते तुमी. ती गाडी मी चालवत होतो."

भागरताबाईचे हात थांबले.

"मले माईत हाय," ती म्हणाली. "तुह्या शिट्टीचा आवाज येगळा हाय. काऊन नाई थांबला?"

"थांबलो असतो तं गाडी उठली नसती. काल पाह्यलं ना तुमी."

"हो, पाह्यलं." ती पुन्हा जाळ्याकडे वळली. "काल पाह्यलं तवा समजलं मले. बस खाली. चहा मांडते सून."

तीच ती सून. तिने गुळाचा चहा आणून दिला. रहमानभाई कप दोन्ही हातांत धरून तो प्यायले. त्या दिवशी रुळाकडे परत येताना त्यांचं चालणं हलकं झालं होतं.

आता माझ्यापुढे साहेब होते. एका हॉल्टचं एक नाव, एक मैलाचा आकडा, असा नियम. सकाळचा हॉल्ट एकीकडे आणि संध्याकाळचा मैलभर दुसरीकडे, असं आमच्या लाइनीवर कोणी केलेलं नव्हतं. मी सगळं कागदावर मांडलं. बायांच्या टोपल्यांचंही लिहिलं, कारण मुख्य मुद्दा तोच होता. साहेबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला.

"हे कोणी सुचवलं? ड्रायव्हरने?"

"नाही, सर. मासे विकणाऱ्या एका बाईने."

"टाइमटेबलात काय लिहिणार? दोन नावं?"

"तेच कळत नाहीये, सर."

साहेबांनी टाइमटेबल उघडून माझ्यासमोर सरकवलं. म्हणाले, यात नाव आहे आणि वेळ आहे. गाडी नेमकी कोणत्या झाडाखाली उभी राहते हे यात कुठे लिहिलेलं असतं? मग त्यांनी फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिलं, नाव एकच, सकाळची आणि संध्याकाळची जागा ड्रायव्हरला वेगळ्या पाटीने दाखवावी. सही केली आणि मला म्हणाले की वरून कोणी विचारलं तर उत्तर मी देईन, तुम्ही फक्त ग्रेडियंट वाचायला शिका.

नाल्याचा प्रश्न उरला. रेल्वेच्या पुलावरून पायी जायला मनाई, आणि ती योग्यच होती. वरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नव्हती. आमच्या पी.डब्ल्यू.आय.ने, म्हणजे रूळ आणि पूल सांभाळणाऱ्या इन्स्पेक्टरने, बाद झालेले लाकडी स्लीपर दिले. स्लीपर म्हणजे रुळाखाली आडवे टाकतात ते ओंडके. कापणी आटोपल्यावर गावाने आठ दिवस खपून पुलाशेजारी पायी जायचा साकव उभा केला. सोमाभाऊ सगळ्यात पुढे. नाल्यात उतरून खांब रोवताना त्यांनी मला हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, साहेब, त्या दिवशी रागावलो, मनात धरू नका. मी धरलेलं नव्हतंच. मीसुद्धा चपला काढून नाल्यात उतरलो. खांब धरायला हात कमी पडत होते.

हॉल्ट सुरू झाला. सकाळी मोहाच्या झाडाशी गाडी थांबायची, टोपल्या वर जायच्या. डब्यातल्या इतर प्रवाशांनी वासाबद्दल पहिले काही दिवस तक्रार केली. मग गार्डने मागच्या डब्याचा एक कोपरा बायांना दिला. त्यानंतर तक्रारी बंद झाल्या आणि तो कोपरा बाजाराच्या दिवशी गप्पांचा अड्डा झाला. संध्याकाळी नाल्यापलीकडे गाडी थांबायची. बाया साकव ओलांडून चढ चढत घरी जायच्या, हसत, दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत. भागरताबाई कधीकधी पळसाच्या पानात बांधलेले मासे इंजिनाच्या पायरीवर ठेवून जायची. रहमानभाईंनी नियम सांगून पाहिला. तिने ऐकलं नाही. मी गाडीत असलो की दुसरीकडे पाहायचो.

पहिल्या पावसाळ्यात साकवाचे दोन खांब वाहून गेले. गावाने ते पुन्हा रोवले. दुसऱ्या पावसाळ्यात काही झालं नाही.

मग आमच्या लाइनीवर जास्त ताकदीचं इंजिन आलं. रहमानभाईंनी ते चढावर थांबवून दाखवलं आणि पुन्हा सहज उचलून दाखवलं. मला खूप आनंद झाला. आता दोन्ही वेळा गाडी गावासमोरच थांबेल, बायांची मैलभर चाल वाचेल. मी ऑर्डरचा मसुदा तयार केला आणि आनंदाची बातमी स्वतः सांगावी म्हणून बोडीटोल्याला गेलो.

सोमाभाऊंनी ऐकून घेतलं आणि मला नाल्याकडे घेऊन गेले. संध्याकाळच्या गाडीची वेळ होती. भागरताबाई तिच्या बायांसोबत उतरली. पण त्यांच्या मागून आणखी वीस-पंचवीस माणसं उतरली, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. ती साकवाकडे आली नाहीत. गाडी उभी होती त्याच काठाने, जंगलात शिरणाऱ्या पायवाटेने निघून गेली. बरीचशी गोंडी बोलत होती. एकाच्या खांद्यावर शेरडू होतं, एका बाईच्या डोक्यावर मिठाची पिशवी.

मी विचारलं, ही कुठली माणसं. तिकडे आत तीन टोले, म्हणजे लहान वस्त्या होत्या. माझ्या सर्व्हेच्या वहीत त्यांची नावं नव्हती. जिथे गाडी थांबायची शक्यताच नव्हती तिथली माणसं मी मोजली नव्हती. आता त्यांच्यासाठी हा संध्याकाळचा थांबा सगळ्यात जवळचा होता. सकाळी साकव ओलांडून, चढ चढून बोडीटोल्याला यायचं, संध्याकाळी थेट आपल्या वाटेला लागायचं. आजारी माणूस असला तर संध्याकाळच्या गाडीने इथूनच नागभीडला जायचं.

मी भागरताबाईला सांगितलं की थांबा वर नेला तर तुम्हाला चालावं लागणार नाही.

"आमाले बरं होईन," ती म्हणाली. "पण आता ते ठेसन आमचं एकट्याचं नाई राह्यलं ना. त्याइले इचारलं काय तुमी?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या पायवाटेने आत गेलो आणि तिन्ही टोले पाहून आलो. परत आल्यावर मसुदा फाडला. साहेबांची तोवर बदली झाली होती. नव्या साहेबांनी फाइल पाहून विचारलं की इंजिन चढ चढतं, तर संध्याकाळचा थांबा अजून खाली का? मी लिहून दिलं, स्थानिक प्रवाशांच्या सोयीसाठी आहे तसाच ठेवावा. त्यांनी मान्य केलं.

पुढे तीस वर्षं मी याच खात्यात होतो. कितीतरी ठिकाणी थांबे सुचवले, काही मंजूर झाले, काही नाही. प्रत्येक सर्व्हेच्या आधी नव्या इन्स्पेक्टरला मी दोनच गोष्टी सांगायचो. जागा ठरवण्याआधी ड्रायव्हरला विचारा. आणि प्रवासी मोजायला जाल तेव्हा रुळावरून जाऊ नका, पायवाटेने जा.